खेळाचें गांव आणि तें वसविणारा

सारीपाट मांडला, दोन घटका मन रमलें, डाव संपला आणि सोंगट्या पेटींत गेल्या, कीं त्या खेळाचें जग तेथेंच मिटतें. उद्यां तोच पट दुसऱ्याच्या ओसरीवर पसरतां येतो. त्याकरितां पट शिवणाऱ्याची परवानगी कोणी मागत नाहीं. परंतु संगणकांच्या जाळ्यावर हजारों माणसें एकाच वेळीं जे खेळ खेळतात त्यांची जात निराळी आहे. तेथें एक खेळाडू उठून गेला तरी खेळ थांबत नाहीं. रात्रीं तो झोपलेला असतां दुसरे कोणी तेथें व्यापार करीत असतात, भांडत असतात, नव्या मित्रांच्या ओळखी करून घेत असतात. हा पट नव्हे, हें एक गांवच म्हणावयास पाहिजे. आणि खेळ जर गांव असेल, तर तो रचणारा मनुष्य नुसता कारागीर राहत नाहीं. गांव वसविणाऱ्यावर जी जबाबदारी येते ती त्याच्यावरहि येते. ती कोणती, याचा विचार ज्यांनीं प्रथम केला व चार दशकांहून अधिक काळ चालविला, अशा एका रचनाकाराची ओळख येथें करून द्यावयाची आहे. त्यांचें नांव रिचर्ड बार्टल.

इंग्लंडच्या पूर्व भागांत कोल्चेस्टर शहराजवळ एसेक्स विद्यापीठ आहे. १९७८ सालच्या शरद् ऋतूंत तेथील रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्यानें विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर एक प्रोग्रॅम लिहावयास घेतला. त्यापूर्वी संगणकावर गुहा धुंडाळण्याचे खेळ होते. परंतु त्या गुहेंत शिरणारा एकटाच असे. यंत्र शब्दांनीं सांगणार, कीं समोर अमुक वाट आहे व तमुक दार आहे. आणि खेळणारा टंकून उत्तर देणार, कीं उत्तरेस जा, दिवा उचल. ट्रुबशॉ यांच्या मनांत आलें, कीं त्याच गुहेंत एकाच वेळीं अनेक माणसें शिरलीं आणि त्यांनीं एकमेकांस पाहिलें तर काय होईल? या प्रयत्नास त्यांनीं 'मल्टि-यूझर डंजन', म्हणजे अनेकांचें भुयार, असें नांव दिलें, व त्याच्या आद्याक्षरांवरून सर्वजण त्यास 'मड' म्हणूं लागले. त्याच विद्यापीठांत शिकणारे बार्टल लवकरच या कामांत सामील झाले, आणि १९८० सालीं ट्रुबशॉ विद्यापीठ सोडून गेले तेव्हां मडचा सारा भार बार्टल यांच्याकडे आला.

मडमध्यें चित्र नव्हतें कीं आवाज नव्हता. जें कांहीं होतें तें शब्दांत होतें. खेळाडूनें अरण्यांत, घरांत, भुयारांत हिंडावें, जडजवाहीर शोधून काढावें व तें नेऊन एका दलदलींत टाकावें. त्याबद्दल त्यास गुण मिळत. गुण वाढतील तशी त्याची पदवी वाढे, आणि शेवटीं तो मांत्रिक होई. मांत्रिकास त्या जगावर जवळजवळ कर्त्याइतकीच सत्ता मिळे. मात्र वाटेंत कोणीं त्याच्यावर चालून येऊन त्यास ठार केलें, तर आजवरची सारी कमाई पुसली जाई व पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागे. विद्यापीठाचें काम आटोपून रात्रीं यंत्र मोकळें झालें, कीं दूरदूरचे लोक आपापल्या घरच्या लहान संगणकास टेलिफोनची तार जोडून, टेलिफोनचा खर्च आपल्या अंगावर घेऊन, त्या जगांत प्रवेश करीत. नुसत्या अक्षरांनीं बनलेल्या त्या जगासाठीं माणसें झोप व पैसा दोन्ही खर्चावयास तयार होतीं.

हें सारें त्यांनीं कशासाठीं केलें, याचें बार्टल यांनीं पुढें दिलेलें उत्तर लक्षांत ठेवण्याजोगें आहे. ते यॉर्कशरमधील हॉर्नसी या समुद्रकांठच्या गांवीं, सामान्य कष्टकरी कुटुंबांत वाढले. इंग्लंडांत माणसानें तोंड उघडलें, कीं त्याच्या उच्चारांवरून तो कोणत्या थरांतला हें ऐकणारा ओळखतो. आणि त्या काळीं तर पुष्कळ दारें या ओळखीसरशीं उघडत अथवा मिटत. भोंवतालचें जग बार्टल व ट्रुबशॉ यांस समाधानकारक वाटत नव्हतें. म्हणून जन्मानें लादलेलीं बंधनें बाहेर ठेवून माणसास आंत येतां येईल असें एक जग त्यांना करावयाचें होतें. मडमध्यें उच्चार ऐकूं येत नव्हता, कपडे दिसत नव्हते, बापाचा धंदा कोणी विचारीत नव्हतें. वर चढावयाचें तें स्वतःच्या बुद्धीनें व चिकाटीनें. गुण आणि पदव्या यांचा जो जिना आज असल्या बहुतेक खेळांत आढळतो, त्याच्या मुळाशीं ही भावना होती. ज्याला बाहेरच्या जगांत जिनाच सांपडत नाहीं, त्याच्यासाठीं तो बांधलेला होता. पुढें व्यापाऱ्यांनीं जिना ठेवला व भावना विसरली, ही गोष्ट निराळी.

परंतु दार सर्वांस मोकळें केलें म्हणजे सर्व तऱ्हेचीं माणसें आंत येतात. ज्यांच्याकरितां गांव वसवावयाचें तीं माणसें तेथें येतात तरी कशासाठीं? १९८९ च्या नोव्हेंबरपासून १९९० च्या मेपर्यंत मडच्या दुसऱ्या आवृत्तींतील जाणत्या मांत्रिकांमध्यें याच प्रश्नावर मोठा वाद झाला. लोकांना या खेळांतून हवें असतें तरी काय, असा प्रश्न एकानें टाकला, आणि प्रत्येकानें आपल्यास आवडतें तेंच सर्वांस आवडतें अशा समजुतीनें उत्तर दिलें. बार्टल यांनीं हीं सर्व उत्तरें जमवून वाचलीं, तेव्हां त्यांस आढळून आलें, कीं तीं चार ढिगांत पडतात. यावर त्यांनीं लिहिलेला जो निबंध १९९६ सालीं प्रसिद्ध झाला, तो आज या विषयाच्या अभ्यासकांत सर्वत्र ठाऊक आहे.

त्यांच्या मतें खेळाडू चार प्रकारचे असतात: मिळविणारे, शोधणारे, बोलणारे आणि मारणारे. पत्त्यांच्या चार रंगांशीं त्यांनीं यांची गंमतीनें सांगड घातली आहे. मिळविणारे म्हणजे चौकट; कारण इंग्रजींत त्या रंगाचें नांव हिऱ्यावरून पडलें आहे, आणि यांची दृष्टि नेहमीं संपत्तीवर व गुणांवर. शोधणारे म्हणजे इस्पिक. इंग्रजींत तें फावड्याचें नांव, आणि हे सदा खणत असतात. कोणत्या दारामागें काय आहे, अमुक केलें तर काय होतें, हें जाणून घेण्यांतच त्यांचें सुख. बोलणारे म्हणजे बदाम. यांना खेळ हें निमित्त, खरा ओढा माणसांचा. मारणारे म्हणजे किल्वर. इंग्रजींत तो सोटा, आणि दुसऱ्यास त्रास होतो यांतच यांना गोडी. एकच मनुष्य निरनिराळ्या वेळीं निरनिराळा वागतो हें बार्टल यांस मान्य आहे. परंतु प्रत्येकाचा एक मूळ कल असतोच.

या वर्गवारीपेक्षां त्यांचा पुढचा विचार अधिक महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच पुष्कळजण वाचावयाचा सोडून देतात. हे चार वर्ग शेजारीं शेजारीं स्वस्थ बसत नाहींत. एकाची संख्या वाढली कीं दुसऱ्याची बदलते. मारणारे वाढले कीं बोलणारे प्रथम गांव सोडतात. बोलणारे गेले कीं गांवांत ओळखीचें कोणी उरत नाहीं, म्हणून उरलेल्यांसहि करमेनासें होतें. उलट मारणाऱ्यांस अगदींच हांकून दिलें, तर मिळविणाऱ्यांच्या मिळकतींत धोका उरत नाहीं व तिची चवहि उरत नाहीं. शोधणाऱ्यांस भरपूर वाव दिला तर हा तोल पुष्कळ सांवरतो, असें त्यांचें म्हणणें. सर्व बाजूंनीं विचार करून बार्टल यांनीं असल्या जगाच्या चार स्थिर अवस्था सांगितल्या. पहिलींत मारणारे व मिळविणारे परस्परांस तोलून धरतात. दुसरींत सर्वत्र बोलणाऱ्यांचें राज्य असतें. तिसरींत चौघांचाहि प्रभाव सारखा असतो. आणि चौथी अवस्था म्हणजे ज्यांत एकहि खेळाडू उरलेला नाहीं असें जग! तेंहि पूर्णपणें स्थिर असतें. या विनोदांत एक इशारा आहे. रचनाकारानें कांहींच केलें नाहीं तरी जग कोठें तरी स्थिर होतेंच. तें कोठें व्हावें हें पाहणें हीच त्याची जबाबदारी.

हा निबंध प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं त्यांतील विचाराची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत ऑस्टिन येथें ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीनें १९९७ च्या सप्टेंबरांत 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ लोकांस खुला केला. त्याचे प्रमुख रचनाकार राफ कोस्टर हे मडच्याच परंपरेंत वाढलेले गृहस्थ. या जगांत निसर्गचक्र चालावें अशी त्यांची योजना होती. सशांनीं चरावें, लांडग्यांनीं सशांमागें धांवावें, आणि खेळाडूंनीं हें सारें पाहत त्यांत वागावें. परंतु आंत आलेल्या खेळाडूंनीं जें जें जनावर दिसलें तें तें इतक्या झपाट्यानें मारलें, कीं तें चक्र कोणाच्या नजरेस येण्यापूर्वींच मोडलें व रचनाकारांस तो नाद सोडावा लागला. माणसांचीहि गत तीच झाली. शहराच्या वेशीबाहेर टपून बसलेले दांडगे नवख्यांस मारून लुबाडीत, आणि असा अनुभव आलेले कितीतरी लोक पुन्हां तिकडे फिरकत नसत. अनेक उपाय करून थकल्यावर २००० सालीं त्या जगाचे दोन भाग करण्यांत आले. एकांत जुनीच मोकळीक राहिली. दुसऱ्यांत एकमेकांस मनास येईल तसें मारण्यास बंदी झाली. बहुसंख्य रहिवासी दुसऱ्या भागांत राहावयास गेले. त्यामुळें लोकांस सुरक्षितता मिळाली. परंतु ज्यांनीं आपसांत संघ करून रस्त्यांवर पहारे ठेवले होते, त्या शूरांच्या पराक्रमास अर्थ उरला नाहीं, अशी हळहळहि मागें राहिली. गांवच्या बंदोबस्ताचा प्रश्न असा आहे. फुकट उत्तर त्यास नाहीं.

आतां या धंद्याच्या पैशाकडे वळूं. कारण रचनाकाराची नजर कोणाकडे वळते हें शेवटीं पुष्कळ अंशीं पैशाच्या वाटेवर ठरतें. मड जेव्हां अमेरिकेंतील कॉम्प्यूसर्व्ह कंपनीच्या जाळ्यावर १९८७ पासून चालूं लागला, तेव्हां आकार ताशीं होता. म्हणजे खेळाडू जितका अधिक वेळ बसेल तितकें कंपनीचें उत्पन्न अधिक. अल्टिमा ऑनलाइननें दरमहा सुमारें दहा डॉलर घेतले; तेथें खेळाडूस महिनोन्महिने टिकविण्यांत हित आलें, म्हणून शेजारधर्म, संघ, घरेंदारें यांस महत्त्व आलें. २००४ च्या नोव्हेंबरांत ब्लिझर्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' निघाला, आणि २०१० पर्यंत त्याच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटि वीस लाखांवर गेली. तें यश पाहून इतरांनीं त्याच्या नकला काढावयाचा सपाटा लावला. पण पुष्कळांनीं घेतला तो सांचा, आणि सांचा मुळांत कां तसा झाला याचा विचार कोणीं केला नाहीं. त्यानंतर 'प्रवेश फुकट, आंतील वस्तु विकत' ही तऱ्हा आली. वरवर पाहतां ही सर्वांत उदार. गरिबाचें मूलहि आंत येऊं शकतें. परंतु येथें उत्पन्न मोहावर अवलंबून राहतें, आणि मोह घालण्याचें कौशल्य हेंच रचनेचें कौशल्य समजलें जाण्याचा धोका उत्पन्न होतो. हा धोका काल्पनिक नव्हे. 'फोर्टनाइट' चालविणाऱ्या एपिक कंपनीनें बटणांची मांडणी फसवी ठेवून खेळाडूंकडून नकळत खरेद्या करविल्या, असा अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा आक्षेप होता. आणि डिसेंबर २०२२ मध्यें जाहीर झालेल्या तडजोडींत त्या खेळाडूंस परत देण्याकरितां चोवीस कोटि पन्नास लाख डॉलरांची रक्कम ठरली. ज्या जिन्यानें हॉर्नसीचा मुलगा स्वतःच्या बुद्धीवर वर चढूं पाहत होता, त्याच्या पायऱ्या विक्रीस निघाल्या, कीं तो जिना बाहेरच्या जगांतल्यासारखाच होऊन जातो.

बार्टल यांचा दुसरा आग्रह असा, कीं खेळाचें जग रचणें ही एक कला आहे, आणि रचनाकार त्या जगाच्या नियमांतून खेळाडूंशीं बोलत असतो. २००३ सालीं निघालेल्या त्यांच्या 'डिझाइनिंग व्हर्च्युअल वर्ल्ड्स' या मोठ्या ग्रंथाच्या नांवांतच जग आणि रचना हे दोन शब्द आहेत. रचनाकार बोलत असेल तर आपण काय बोललों याची जोखीमहि त्याच्यावरच येते. याचें एक उदाहरण २००८ सालीं घडलें. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या नव्या भागांत खेळाडूस असें एक काम सांगितलेलें होतें, कीं बांधून ठेवलेल्या एका कैद्यास यातना देऊन त्याच्याकडून माहिती काढावी. बार्टल यांनीं यावर जाहीरपणें आक्षेप घेतला. खेळांत क्रौर्य दाखवूंच नये असें त्यांचें म्हणणें नव्हतें. त्यांचा स्वतःचा मड कांहीं सोवळा नव्हता. त्यांचें म्हणणें इतकेंच, कीं येथें खेळाडूस पूर्वसूचना नाहीं, नकार देण्याची वाट नाहीं आणि केलेल्या कृत्याचा परिणामहि नाहीं. फुलें वेंचण्याच्या कामासारखेंच तें एक काम. रचनाकारास यांतून कांहीं सांगावयाचें असेल तर त्यानें तें सांगावें. कांहींच सांगावयाचें नसेल तर तें तेथें ठेवलें कशाला? या मताबद्दल त्यांच्यावर टीकेचा व शिव्यांचा भडिमार झाला. 'हा तर नुसता खेळ' हें त्या टीकेचें सार. परंतु ज्या जगांत माणसें वर्षानुवर्षें राहतात, मैत्री जोडतात, क्वचित् लग्नेंहि जमवितात, तें नुसता खेळ आहे असें म्हणून हात झटकणें गांव वसविणाऱ्यास शोभत नाहीं.

आणि अखेरचा प्रश्न गांव उठण्याचा. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या नांवाचें एक जग २००३ च्या जूनमध्यें उघडलें; त्याची रचनाहि कोस्टर यांच्याच नेतृत्वाखालीं झाली होती. तेथें लढणाऱ्यांइतकेच शिंपी, स्वयंपाकी, नर्तक यांचेहि धंदे चालत, आणि लोकांनीं आपलीं शहरें वसविलीं होतीं. २००५ मध्यें अधिक गिऱ्हाइकांच्या आशेनें चालकांनीं त्याचे नियम मुळापासून बदलले. जुने रहिवासी दुखावून निघून गेले, आणि १५ डिसेंबर २०११ रोजीं तें जग बंद झालें. पुढें ३१ मार्च २०२४ रोजीं युबिसॉफ्ट कंपनीनें 'द क्रू' नांवाच्या मोटारींच्या खेळाचीं यंत्रें बंद केलीं, तेव्हां ज्यांनीं पूर्ण किंमत देऊन तो घेतला होता त्यांच्या हातीं निरुपयोगी तबकडी उरली. त्याच वर्षीं कॅलिफोर्निया संस्थानानें कायदा केला, कीं ग्राहक मालक होत नसून त्यास केवळ वापरण्याचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्यानें तसें स्पष्ट सांगितलें पाहिजे. सारीपाटाच्या मालकास असल्या कायद्याची गरज कधीं पडली नव्हती.

या पार्श्वभूमीवर ट्रुबशॉ व बार्टल यांच्या पहिल्या वागणुकीकडे पुन्हां पाहावें. कंपन्यांस खेळ चालविण्याचा परवाना त्यांनीं दिला हें खरें. परंतु आपल्या कल्पनेवर त्यांनीं कुंपण घातलें नाहीं. इतरांनीं ती घ्यावी व आपापलीं जगें रचावीं अशीच त्यांची इच्छा होती. म्हणूनच वेल्समध्यें ॲबरिस्टविथच्या, अमेरिकेंत कार्नेगी मेलनच्या, डेन्मार्कमध्यें कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीं थोड्याच वर्षांत आपले मड उभे केले, आणि पुढच्या सर्व मोठ्या खेळांची वंशावळ त्यांतूनच निघाली. मूळ मड कॉम्प्यूसर्व्हनें १९९९ च्या अखेरीस बंद केला. पण दुसऱ्याच वर्षीं एका जुन्या खेळाडूनें तो नव्या भाषेंत लिहून पुन्हां चालूं केला. कोट्यवधि डॉलर खर्चून उभीं केलेलीं जगें एका हुकुमासरशीं नाहींशीं झालीं, आणि दोन विद्यार्थ्यांचें फुकट दिलेलें भुयार कंपनी गेल्यावरहि उरलें. जें अनेकांच्या हातीं दिलें जातें तें टिकण्याचा संभव अधिक, एवढाच याचा अर्थ.

श्रोतेहो, घरांतील मुलगा रात्रीं उशीरापर्यंत यंत्रासमोर बसलेला दिसला, कीं तो एकटा बसला आहे असें वडील माणसांस वाटतें. तो एकटा नसतो. तो एका गांवांत असतो. तेव्हां त्यास नुसतें रागें भरण्यापूर्वीं, परगांवीं राहणाऱ्या मुलास जें विचारावें तेंच विचारावें. तेथें तुझे सोबती कोण? त्या गांवांत दुर्बळास त्रास झाला तर दाद कोणाकडे मागावी? तेथें राहण्याबद्दल काय द्यावें लागतें, आणि तें मागण्याची रीत सरळ आहे कीं नाहीं? उद्यां तें गांव उठलें तर तुझ्या हातीं काय राहील? बार्टल यांनीं रचनाकारांस जन्मभर जे प्रश्न विचारले ते याहून फारसे निराळे नाहींत. ते प्रश्न खेळणाऱ्यांनीं व त्यांच्या घरच्यांनींहि विचारावयास आरंभ केला, तर गांव वसविणाऱ्यांस त्यांचीं उत्तरें तयार ठेवावीं लागतील.